एलएम७५ तापमान सेन्सर रास्पबेरी पायला जोडताना: तारांपासून कर्नल ड्रायव्हरपर्यंत

यूएसबीचा माउस संगणकाला लावला की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्याला ओळख विचारतो, माउस आपल्या उत्पादकाचा आणि प्रकाराचा क्रमांक सांगतो आणि त्यावरून योग्य ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाशी बोलणारा प्रोग्राम, आपोआप जोडला जातो. यातले काहीच आपल्याला दिसत नाही, म्हणून सेन्सरचा बोर्ड जोडल्यावरही असेच होईल अशी नवशिक्याची स्वाभाविक अपेक्षा असते. आय-टू-सी या दोन तारांच्या मार्गावर मात्र तशी सोय नाही. फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये हा मार्ग आखला तो एकाच यंत्रातील चिपांनी आपसांत बोलावे म्हणून. कोणती चिप कुठे बसवली आहे हे यंत्र बनवणाऱ्याला ठाऊकच असणार, हे त्यात गृहीत होते. त्यामुळे इथे चिप आपले नाव सांगत नाही, ती फक्त आपल्या पत्त्यावर हाक आली की ‘ओ’ देते. कोणत्या पत्त्यावर कोण बसले आहे, हे कर्नलला आपणच सांगावे लागते. नवशिक्यांच्या बहुतेक अडचणी हे न कळल्यामुळे येतात, असे मला वाटते.

या लेखात एलएम७५ चिप असलेला छोटा बोर्ड रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडून, लिनक्सच्या कर्नलमधील ड्रायव्हरमार्फत त्याचे तापमान वाचण्यापर्यंतचा प्रवास दिला आहे. एलएम७५ निवडण्याचे कारण असे की ही चिप जुनी, स्वस्त आणि सरळ स्वभावाची आहे. तिच्यात चारच रजिस्टर, म्हणजे आकडे ठेवण्याचे कप्पे, आहेत आणि तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये कित्येक वर्षे आहे. कमांड आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावीत. ‘आय२सी’ असे जेथे लिहिले आहे तेथे आय हे अक्षर, दोनचा आकडा आणि सी हे अक्षर मध्ये जागा न सोडता टंकावे.

तारा जोडण्यापूर्वी

रास्पबेरी पाय ओएस घातलेला कोणताही ४० पिनांचा रास्पबेरी पाय, एलएम७५ चा बोर्ड, दोन्ही टोकांना मादी कनेक्टर असलेल्या चार जंपर वायरी आणि शक्य असेल तर एक साधा मल्टिमीटर, एवढे साहित्य पुरते. बोर्डासोबत पिनांची पट्टी सुटी आली असेल तर ती सोल्डर करून घ्यावी. पिना नुसत्या भोकांत अडकवून काम भागेल असे वाटते आणि काही क्षण भागतेही. मी एकदा अशाच अडकवलेल्या पिनांवर दोन संध्याकाळी घालवल्या: बोर्ड बोटाने दाबला की सेन्सर दिसायचा, बोट काढले की नाहीसा व्हायचा, आणि मी दोष ड्रायव्हरमध्ये शोधत राहिलो. सोल्डरचे पाच-सहा ठिपके हाच त्यावरचा उपाय होता.

रास्पबेरी पायऐवजी लॅपटॉप वापरण्याचा मोह काहींना होईल. लॅपटॉपच्या आतही आय-टू-सी किंवा त्याच्या जवळच्या नात्यातील एसएमबसचे मार्ग असतात, पण त्यांवर आधीच महत्त्वाच्या चिपा बसलेल्या असतात. काही जुन्या आयबीएम थिंकपॅड लॅपटॉपांमध्ये सेन्सर शोधण्यासाठी केलेल्या चाचपणीमुळे आतील ईईप्रॉममधील (वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या चिपेतील) माहिती बिघडली आणि ते लॅपटॉप सुरूच होईनासे झाले, हा इतिहास आहे. म्हणून लॅपटॉपच्या अंतर्गत मार्गांवर चाचपणी करू नये. लॅपटॉपच वापरायचा असेल तर एमसीपी२२२१ सारखी यूएसबी ते आय-टू-सी चिप असलेला अडॅप्टर घ्यावा. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, अडॅप्टर लावल्यावर एक नवा, मोकळा मार्ग तयार होतो आणि पुढच्या बहुतेक पायऱ्या त्यावर तशाच लागू पडतात.

चार तारा

रास्पबेरी पाय नीट बंद करावा आणि वीजही काढावी. पिनांच्या दोन रांगांपैकी बोर्डाच्या आतल्या बाजूच्या रांगेत विषम क्रमांक येतात, आणि आपल्याला लागणाऱ्या चारही पिना याच रांगेत सापडतात. पिन १ वर ३.३ व्होल्ट असतात; ती सेन्सरच्या व्हीसीसी, म्हणजे वीज घेणाऱ्या, पिनेला जोडावी. पिन ३ म्हणजे एसडीए (माहितीची तार), पिन ५ म्हणजे एससीएल (क्लॉकची तार). या दोन पिना सेन्सरवरील त्याच नावांच्या पिनांना जातात. पिन ९ ही ग्राउंड आहे, ती जीएनडीला जोडावी. पिन १ कोणती याबद्दल शंका असल्यास बोर्ड उलटा करून पाहावा: खालच्या बाजूला पिन १ चा सोल्डरचा ठिपका चौकोनी असतो, बाकीचे गोल.

पिन १ च्या अगदी शेजारी, बाहेरच्या रांगेत, पिन २ आहे आणि तिच्यावर ५ व्होल्ट आहेत. एलएम७५ स्वतः ३ ते ५.५ व्होल्टपर्यंत चालते, त्यामुळे ५ व्होल्टवर सेन्सरचे काही बिघडणार नाही. बिघडेल तो रास्पबेरी पाय. सेन्सरच्या बोर्डावर बहुधा एसडीए आणि एससीएल या तारांना व्हीसीसीकडे ओढून धरणारे पुल-अप रेझिस्टर बसवलेले असतात. व्हीसीसी ५ व्होल्ट केली की या दोन्ही तारा ५ व्होल्टकडे ओढल्या जातात, आणि रास्पबेरी पायच्या या पिना ३.३ व्होल्टपेक्षा जास्त दाब सहन करण्यासाठी बनवलेल्या नाहीत. म्हणून वीज देण्यापूर्वी व्हीसीसीची तार कोणत्या रांगेत आहे हे पुन्हा एकदा बोट ठेवून तपासावे. रास्पबेरी पायवर पिन ३ आणि ५ यांना स्वतःचे १.८ किलोओहमचे पुल-अप आधीच असल्यामुळे वेगळे रेझिस्टर लावण्याची गरज नाही.

चिपेवर ए०, ए१ आणि ए२ अशा तीन पत्त्याच्या पिना असतात. तिन्ही ग्राउंडला जोडलेल्या असतील तर पत्ता सोळा-आधारी (हेक्साडेसिमल) ४८ होतो, आणि त्यांच्या वेगवेगळ्या जोडणीतून ४८ ते ४एफ असे आठ पत्ते मिळतात, म्हणजे एकाच मार्गावर असे आठ सेन्सर बसू शकतात. काही बोर्डांवर या पिना ग्राउंडला आधीच जोडलेल्या असतात. काहींवर त्या उघड्या सोडून शेजारी सोल्डरने जोडण्याच्या जागा दिलेल्या असतात. उघड्या पिनेचा काहीही अर्थ लागू शकतो आणि मग पत्ता आज एक, उद्या दुसरा दिसतो. बोर्ड भिंगाखाली पाहून तिन्ही पिना कुठेतरी निश्चित जोडल्या आहेत याची खात्री करावी.

आता वीज द्यावी आणि मल्टिमीटरने ग्राउंड आणि एसडीए, मग ग्राउंड आणि एससीएल यांमधील दाब मोजावा. मार्गावर कोणी बोलत नसताना दोन्ही ठिकाणी सुमारे ३.३ व्होल्ट दिसायला हवेत. एखादी तार शून्याजवळ दिसली तर ती कुठेतरी ग्राउंडला टेकली आहे किंवा व्हीसीसी आणि जीएनडीची अदलाबदल झाली आहे. वीज लगेच काढून जोडणी पुन्हा पाहावी.

मार्ग सुरू करणे आणि हाक मारणे

रास्पबेरी पाय ओएसमध्ये आय-टू-सी सुरुवातीला बंद असते. टर्मिनलवर ‘सुडो रास्पी-कॉन्फिग’ चालवून (सुडो म्हणजे पुढची कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे) इंटरफेस ऑप्शन्समध्ये आय२सी सुरू करावे आणि संगणक पुन्हा चालू करावा. त्यानंतर ‘आय२सी-टूल्स’ हे पॅकेज नसल्यास ॲप्टने घालावे. ‘आय२सीडिटेक्ट’ला वजा एल हा पर्याय दिला की उपलब्ध मार्गांची यादी येते. नव्या रास्पबेरी पायवर एचडीएमआयसाठीचे मार्गही या यादीत दिसतात. आपला मार्ग आय२सी-१ हा आहे.

आता ‘आय२सीडिटेक्ट’, वजा वाय, १ अशी कमांड द्यावी. ही कमांड एकेका पत्त्यावर हाक मारते आणि जिथून ओ येते तिथे तो पत्ता एका तक्त्यात लिहिते. तक्त्यातील ४० च्या ओळीत ४८ दिसले की तारा, वीज, पत्ता आणि मार्ग या चारही गोष्टी एकदम सिद्ध झाल्या. तक्ता रिकामा आला तर पुढे जाण्यात काहीच अर्थ नाही. सर्वाधिक वेळा एसडीए आणि एससीएल यांची अदलाबदल झालेली असते. या चुकीने काही जळत नाही, फक्त उत्तर येत नाही. त्याखालोखाल कच्चे सोल्डर आणि आतून तुटलेली जंपर वायर. वायर बाहेरून धडधाकट दिसते, म्हणून तीही मल्टिमीटरच्या बझरवर तपासावी.

ड्रायव्हरच्या आधी एकदा स्वतः वाचणे

ही पायरी वगळली तरी चालते, पण मी ती वगळू नये असे सुचवीन, कारण ड्रायव्हर आपल्यासाठी नेमके काय करतो ते इथे हातात येते. ‘आय२सीगेट’ या कमांडला वजा वाय, मार्ग १, पत्ता ०एक्स४८ (०एक्स ही सोळा-आधारी आकड्याची खूण), रजिस्टर ०एक्स०० आणि शेवटी डब्ल्यू हे अक्षर द्यावे. शून्य क्रमांकाचे रजिस्टर तापमानाचे आहे आणि डब्ल्यू म्हणजे दोन बाइट एकदम वाचणे. समजा उत्तर आले ०एक्स८०१सी.

या आकड्यातून सरळ तापमान काढायला गेल्यास ते चुकते. एलएम७५ मोठा बाइट आधी पाठवते, तर एसएमबसच्या प्रथेप्रमाणे आय२सीगेट पहिल्या आलेल्या बाइटला लहान समजते. म्हणून दोन्ही बाइटांची जागा बदलावी: १सी आधी, ८० नंतर. सोळा-आधारी १सी म्हणजे २८. दुसऱ्या बाइटमधील सर्वांत वरचा बिट अर्ध्या अंशाचा असतो, आणि ८० मध्ये तो उभा, म्हणजे १, आहे. तापमान झाले २८.५ अंश सेल्सिअस. शून्याखालच्या तापमानासाठी चिप दोनच्या पूरकाची (टूज कॉम्प्लिमेंट) पद्धत वापरते, म्हणजे उणे अर्धा अंश हा एफएफ८० असा येतो. द्राक्षांच्या शीतगृहात, जिथे तापमान शून्याच्या आसपास ठेवतात, तिथे हिशेबातील ही बाब विसरणारा प्रोग्राम एकदम २५५ अंश दाखवू लागतो. बाइटांची अदलाबदल, चिन्ह आणि अर्धा अंश ही सगळी कटकट ड्रायव्हरने आपल्या अंगावर घेतलेली आहे.

कर्नलला ओळख करून देणे

कर्नलमध्ये आय-टू-सीच्या प्रत्येक मार्गासाठी एक फोल्डर असतो. आपल्या मार्गाचा फोल्डर ‘/सिस/बस/आय२सी/डिव्हायसेस/आय२सी-१’ येथे आहे, आणि त्यात ‘न्यू_डिव्हाइस’ नावाची एक फाइल आहे. तिच्यात चिपेचे नाव आणि पत्ता लिहिला की ओळख झाली. ‘इको एलएम७५ ०एक्स४८’ असे टंकून, त्यापुढे उभी रेघ देऊन, ‘सुडो टी’ आणि त्या फाइलीचा पूर्ण मार्ग लिहावा. टी हे इथे टी-ई-ई या अक्षरांचे नाव आहे. पुष्कळ जण ‘सुडो इको’ लिहून पुढे बाणाच्या चिन्हाने फाइल देतात आणि परवानगी नाकारल्याचा संदेश पाहून गोंधळतात. सुडोचा अधिकार तिथे फक्त इकोला मिळतो. फाइल उघडण्याचे काम शेल, म्हणजे टर्मिनलवर आपल्या कमांड घेणारा प्रोग्राम, करते, आणि शेल आपल्या साध्या अधिकारानेच चाललेले असते. टी ही स्वतः फाइल उघडते, म्हणून ती सुडोखाली चालवली की काम होते.

या एका ओळीने बरेच काही घडते. कर्नल ४८ या पत्त्यावर एलएम७५ नावाचे उपकरण नोंदवतो आणि त्याचा फोल्डर १-००४८ या नावाने तयार करतो. ते नाव ज्याच्या यादीत आहे असा ड्रायव्हर शोधला जातो आणि एलएम७५ हे मॉड्यूल (कर्नलला गरजेप्रमाणे जोडता येणारा ड्रायव्हरचा तुकडा) लोड होते. नाही झाले तर ‘सुडो मॉडप्रोब एलएम७५’ ने करता येते. मग ड्रायव्हरमधील ‘प्रोब’ हे फंक्शन चालते. ते चिपेचे कॉन्फिगरेशन रजिस्टर वाचून पाहते, मोजमापाची तयारी करते आणि शेवटी हार्डवेअर मॉनिटरिंग या उपव्यवस्थेकडे, म्हणजे एचडब्ल्यूमॉनकडे, सेन्सरची नोंद करते.

इथे एक बारकावा आहे. ‘डीमेसेज’ या कमांडने, जिचे स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी असे आहे, कर्नलचे संदेश पाहिल्यास उपकरण तयार झाल्याचा संदेश दिसेल. तेवढ्यावर समाधान मानू नये, कारण तो संदेश फक्त नाव नोंदवल्याचा आहे आणि त्या पत्त्यावर कोणीही नसले तरी तो येतो. ड्रायव्हर खरोखर जोडला गेल्याची खूण म्हणजे त्यानंतर येणारा, एचडब्ल्यूमॉनचा क्रमांक सांगणारा संदेश आणि १-००४८ च्या आत तयार झालेला ‘एचडब्ल्यूमॉन’ हा फोल्डर. तो फोल्डर नसेल तर प्रोब अपयशी ठरला आहे. ‘डिलीट_डिव्हाइस’ या शेजारच्या फाइलीत फक्त पत्ता लिहून नोंद काढावी, जोडणी सुधारावी आणि ओळख पुन्हा करून द्यावी.

चिपेचे नावही नेमके द्यावे. हाच ड्रायव्हर एलएम७५ च्या कुळातील अनेक चिपा सांभाळतो आणि प्रत्येकीची बारकाई त्याच्याजवळच्या तक्त्यातून ठरवतो. एलएम७५बी ही चिप ०.१२५ अंशाच्या टप्प्याने मोजते, पण तिची ओळख नुसती एलएम७५ अशी करून दिली तर ड्रायव्हर अर्ध्या अंशाच्या टप्प्यानेच आकडे देईल; चूक असल्याचा कोणताही संदेश येणार नाही, फक्त विकत घेतलेली बारकाई हातची जाईल. चिपेच्या पाठीवर छापलेली अक्षरे भिंगातून वाचून मगच नाव टंकावे.

आकडा कुठे मिळतो

१-००४८ च्या आतील एचडब्ल्यूमॉन फोल्डरमध्ये क्रमांक असलेला आणखी एक फोल्डर असतो आणि त्यात ‘टेम्प१_इनपुट’ ही फाइल असते. तिला ‘कॅट’ लावल्यावर २८५०० असे काही दिसेल. एचडब्ल्यूमॉनमध्ये तापमान अंशाच्या हजाराव्या भागात देण्याचा प्रघात आहे, म्हणून हा आकडा २८.५ अंश झाला. चिपेवर बोट ठेवून पुन्हा कॅट चालवावी. आकडा वर चढताना दिसला की मनातली शंका फिटते. मूळ एलएम७५ ला एका मोजमापासाठी सुमारे १०० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा वाचून नवे काही मिळत नाही.

एचडब्ल्यूमॉनपुढचा क्रमांक कायमचा नसतो. रास्पबेरी पायचा स्वतःचा प्रोसेसरचा सेन्सरही त्याच यादीत असतो, आणि संगणक सुरू होताना कोण आधी नोंदले गेले यावर क्रमांक ठरतो. म्हणून आपल्या प्रोग्राममध्ये एचडब्ल्यूमॉन२ असा क्रमांक पक्का लिहू नये; तो १-००४८ या फोल्डरमधून शोधून काढावा किंवा प्रत्येक फोल्डरमधील ‘नेम’ ही फाइल वाचून एलएम७५ कोणता ते ठरवावे. ‘एलएम-सेन्सर्स’ हे पॅकेज घातल्यास ‘सेन्सर्स’ ही कमांड हे काम आपणहून करते आणि ‘एलएम७५-आय२सी-१-४८’ या नावाखाली तापमान अंशांत दाखवते. कर्नल ड्रायव्हरचा खरा फायदा इथे दिसतो: प्रोमिथियस या देखरेखीच्या प्रणालीचा नोड एक्स्पोर्टर असो की आपली पाच ओळींची शेल स्क्रिप्ट, कोणालाही आय-टू-सीतले काही समजण्याची गरज उरत नाही, एक फाइल वाचता आली की पुरे.

संगणक बंद-चालू केल्यावरही टिकण्यासाठी

न्यू_डिव्हाइसमध्ये लिहिलेली ओळख संगणक बंद होताच पुसली जाते. ती टिकवण्यासाठी ‘/बूट/फर्मवेअर’ या फोल्डरमधील कॉन्फिग.टीएक्सटी या फाइलीत (जुन्या आवृत्त्यांत ही फाइल थेट /बूट मध्ये असते) शेवटी एक ओळ घालावी: ‘डीटीओव्हरले=आय२सी-सेन्सर,एलएम७५,ॲडर=०एक्स४८’. यात ओव्हरले हा पूर्ण इंग्रजी शब्द डीटी या अक्षरांना जोडून येतो, ॲडर म्हणजे ए-डी-डी-आर, आणि संपूर्ण ओळीत कुठेही मोकळी जागा नसते. पत्ता लिहिणे टाळू नये, कारण या ओव्हरलेमध्ये (जोडलेल्या उपकरणांचे वर्णन कर्नलला देणाऱ्या पुरवणीमध्ये) एलएम७५ साठी गृहीत धरलेला पत्ता ४एफ आहे, ४८ नव्हे. संगणक पुन्हा चालू करून ‘सेन्सर्स’ चालवावी.

यानंतर आय२सीडिटेक्ट पुन्हा चालवल्यास ४८ च्या जागी ‘यूयू’ दिसेल. ही चूक नव्हे. तो पत्ता ड्रायव्हरच्या ताब्यात आहे, म्हणून कमांडने तिथे हाक मारलीच नाही, असा त्याचा अर्थ आहे. त्यामुळे सेन्सरची तार निघून पडली असली तरी यूयू दिसतच राहते. फोल्डरही जागेवर राहतो आणि टेम्प१_इनपुट ही फाइलही. मात्र ती वाचताना रिमोट आय-ओ एरर असा संदेश येतो. आपल्या स्क्रिप्टमध्ये हा प्रसंग धरून चालावे आणि अशा वेळी शून्य न लिहिता नोंद रिकामी सोडावी. कांदाचाळीत किंवा दुधाच्या शीतकरण टाकीजवळ सेन्सर ठेवला असेल, तर खोटे शून्य हे नोंद नसण्यापेक्षा जास्त नुकसान करते.

तारेची लांबी आणि आकड्याचा खरेपणा

आय-टू-सी हा मार्ग एका यंत्राच्या आतल्या अंतरांसाठी आहे. मार्गावरील एकूण विद्युतधारितेची मर्यादा ४०० पिकोफॅरड आहे आणि तार वाढली की ही धारिता वाढते. अर्धा मीटरपर्यंत सहसा त्रास होत नाही. त्यापुढे वाचनात चुका येऊ लागल्यास कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये मार्गाचा वेग नेहमीच्या १,००,००० वरून १०,००० हर्ट्झवर आणून पाहावे. सेन्सर दहा मीटरवर न्यायचा असेल तर मात्र एलएम७५ चा हट्ट सोडून वन-वायर मार्गावरचा डीएस१८बी२० घ्यावा, असे माझे मत आहे.

उलट तार फार आखूडही नको. सेन्सर रास्पबेरी पायच्या अगदी जवळ असला तर त्याच्या प्रोसेसरची उष्णता हवेतून आणि तारांच्या तांब्यातून सेन्सरपर्यंत येते आणि खोलीचे म्हणून जे तापमान दिसते ते खोलीचे नसते. वीतभर अंतर ठेवावे आणि सेन्सर संगणकाच्या वर न टांगता बाजूला किंवा खाली ठेवावा, कारण गरम हवा वर जाते.

मूळ एलएम७५ ची अचूकता उणे २५ ते १०० अंश या टप्प्यात अधिक-उणे २ अंश इतकी सांगितलेली आहे. अर्ध्या अंशाचे टप्पे दिसतात म्हणून आकडा अर्ध्या अंशापर्यंत खरा आहे असे धरू नये. निदान एका बिंदूवर पडताळणी घरीच करता येते. थर्मासमध्ये बारीक फोडलेला बर्फ भरावा, तो जेमतेम बुडेल एवढे थंड पाणी घालावे आणि ढवळावे. या मिश्रणाचे तापमान शून्य अंश असते. बोर्ड पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आतली हवा काढून, तारा वर राहतील असा त्यात बुडवावा, पंधरा मिनिटे थांबावे आणि मधूनमधून ढवळत आकडा स्थिर होईपर्यंत पाहावे. समजा आकडा १.५ वर थांबला. मग ‘/ईटीसी/सेन्सर्स.डी’ या फोल्डरमध्ये एक नवी फाइल करून पहिल्या ओळीत ‘चिप’ या शब्दापुढे एलएम७५-आय२सी-१-४८ हे नाव अवतरणचिन्हांत लिहावे, आणि दुसऱ्या ओळीत ‘कंप्यूट टेम्प१ @-१.५, @+१.५’ असे लिहावे. पहिला भाग वाचताना लागू होतो, दुसरा मर्यादा लिहिताना. बोर्ड बर्फात असतानाच सेन्सर्स पुन्हा चालवावी, म्हणजे दुरुस्त आकडा शून्यावर आलेला दिसेल. ही दुरुस्ती फक्त एलएम-सेन्सर्समार्फत वाचणाऱ्यांना मिळते. टेम्प१_इनपुट थेट वाचणाऱ्या स्क्रिप्टने १५०० स्वतः वजा करावेत.